चिंचेने घासलेली पेनी

इथल्या दिवाळीला अंधार मिळत नाही. संध्याकाळचे आठ वाजत आले तरी पामर्स्टन नॉर्थच्या आकाशात ऊन रेंगाळत असते आणि लक्ष्मीपूजनाची समई भर उजेडात लावावी लागते. ज्योत दिसत नाही. वर हात धरला की ऊब लागते, त्यावरून ती पेटली आहे हे समजून घ्यायचे. शिवाय वारा. या गावाच्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. पणत्या बाहेर टिकत नाहीत, म्हणून आमच्याकडे गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये पणत्यांची ओळ मांडतात. कुंपणापलीकडे कोफाईच्या झाडाची शेवटची पिवळी फुले गळत असतात, गावाबाहेरच्या कुरणांत कोकरे असतात आणि घरात भाजणीचा वास असतो. सगळे आश्विन-कार्तिकातले सण आणि सगळा वसंत.

हा ऋतू आला की माझ्या बोटांना चिंचेचा वास येऊ लागतो. साबणाने धुतले तरी येतो. मुलीला, अनघाला, एकदा हात पुढे करून विचारले, तर ती म्हणाली, "कसला वास, बाबा? काही नाही."

यंदा तो वास लवकर आला. निमित्त झाले जेवणाच्या टेबलावरच्या एका बातमीचे. आमचे जावई मंदार फोनवर काहीतरी वाचत होते. म्हणाले, "अमेरिकेने पेनी पाडणं बंद केलं म्हणे. पाडायला येणारा खर्च नाण्यापेक्षा जास्त. आता जुन्यांचा भाव वधारणार." मग माझ्याकडे बघून हसले. "रॉसच्या पेन्या आज असत्या तर! आईंनी चिंच लावली नसती तर!"

अनघाही हसली. तिची मुलगी ईरा, जिने आजीचे ते प्रकरण पाहिलेले नाही, फक्त ऐकलेले आहे, तीसुद्धा हसली. या घरात माझ्या पत्नीची, मालतीची, आठवण अशीच निघते, हसत. मी पाण्याचा घोट घेतला. भिंतीवरच्या फोटोत तीही हसतच होती.

रॉस आमचा शेजारी. कुंपणाच्या पलीकडचे घर त्याचे. उंच, वाकलेला, बारा महिने अर्धी चड्डी आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालणारा, बायको जाऊन एकटा राहिलेला. अनघा आणि मंदार कामाला गेले की त्या गल्लीत दिवसा माणसे उरत तीन : तो, मी आणि मालती. आम्ही तेव्हा वर्षातले बरेच महिने इथे असायचो. पुढे कायमचेच आलो. माझे इंग्रजी पाटबंधारे खात्यातले, अर्ज-विनंत्यांचे. त्याचे इंग्रजी तोंडातल्या तोंडात विरघळणारे. तरी आमचे जमले. कारण त्याच्याकडे नाणी होती, आणि नाणी दाखवताना फार बोलावे लागत नाही.

अमेरिकन पेन्या, म्हणजे एका सेंटची तांब्याची नाणी. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक पेनी वेगळ्या छोट्या कागदी पाकिटात. महायुद्धात अमेरिकन सैनिकांचा तळ वेलिंग्टनच्या वरच्या अंगाला समुद्रकाठी पडला होता. रॉसच्या आईचे तिथे मिल्कशेकचे दुकान होते. सैनिक पोरांच्या हातावर खिशातली चिल्लर ठेवायचे. इथे न चालणारी ती चिल्लर रॉसने जपली आणि पुढे आयुष्यभर वाढवली.

पेनीच्या एका बाजूला दाढीवाले राष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या बाजूला, जुन्या पेन्यांवर, गव्हाच्या दोन लोंब्या, कमानीसारख्या वाकलेल्या. मला त्या लोंब्यांचेच कौतुक. नाण्यावर धान्य असणारा देश चांगला असला पाहिजे, असे मी मालतीला म्हणालो होतो. युद्धात तांबे तोफगोळ्यांना लागले म्हणून एक वर्ष पेन्या पोलादाच्या पाडल्या. पण त्या वर्षी चुकून काही थोड्या तांब्याच्याच निघाल्या, आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. म्हणून रॉसला त्या सालाची पेनी दिसली रे दिसली की तो फ्रिजवरचे किवी पक्ष्याचे लोहचुंबक आणायचा. चुंबक टच्चकन चिकटायचे. "बगर!" तो म्हणायचा, "पुन्हा चिकटली!" आणि आम्ही दोघे म्हातारे हसायचो. एखाद्या दिवशी चिकटणार नाही, ही आशा त्याने कधी सोडली नाही.

त्याच्याकडची खरी मौल्यवान पेनी मात्र वेगळी. साल एकोणीसशे नऊ. सालाखाली एस हे बारीक अक्षर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतली. आणि मागे, अगदी खालच्या कडेला, ती घडवणाऱ्या शिल्पकाराची आद्याक्षरे, मुंगीच्या पावलांएवढी. ती फार ठळक दिसतात अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच काढून टाकली गेली. त्यामुळे तेवढ्या दिवसांतल्या पेन्या दुर्मिळ. घरी परत निघालेल्या एका सैनिकाने ती रॉसच्या आईला शकुनाची म्हणून दिली होती. रॉस ती विकणार होता. त्याची मुलगी पर्थला, तिला मूल व्हायचे होते आणि त्याला तिथे जायचे होते. ऑकलंडच्या बाजूला अल्बनीत एक नाण्यांचा व्यापारी होता, तो उन्हाळ्यापूर्वी येऊन बघून जाणार होता.

ते सगळे त्या वसंतात ठरले होते. त्याच वसंतात रॉसच्या खुब्याचे ऑपरेशन निघाले. रिकाम्या घरात डबा ठेवायला नको म्हणून तो माझ्याकडे देऊन गेला. "कीप ॲन आय ऑन देम, मेट," म्हणाला. मी डबा दोन्ही हातांनी घेतला. नोकरीत तिजोरीच्या किल्ल्या घ्यायचो तसा.

आता मालतीच्या बोटांविषयी लिहायला हवे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

त्या वर्षी तिची बोटे सुजू लागली होती. सकाळी मूठ वळायची नाही. मला ते समजले ते पीठ मळताना ती थांबली तेव्हा. म्हणाली, "अनघाला सांगू नका. फार्मासिस्ट आहे ती. लगेच गोळ्या, रक्ततपासण्या, आणि मला स्वयंपाकघरातून उठवून खुर्चीत बसवेल. मग मी इथे करू काय?" ते खरेच होते. या देशात तिच्याजवळ स्वयंपाकघराखेरीज स्वतःचे असे काही नव्हते. मी कबूल केले.

म्हणून त्या दिवाळीत देवाची भांडी मी घासली. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या घरी पुरुषाने भांड्याला हात लावला तर भांडे बाटेल असे कुणी म्हणत नसे, पण तशी वेळच कधी येऊ दिली गेली नव्हती. मागच्या डेकवर बादली, भिजवलेली चिंच, मीठ. मालती उन्हात खुर्ची टाकून बसलेली, हात पदराखाली.

"अहो, रगडू नका. चोळा."

"चोळतोच आहे."

"ते चोळणं नाही, ती मारामारी आहे. चिंच लावा आणि थांबा. ती तिचं काम करते. तुम्ही मध्ये मध्ये करू नका."

मी थांबलो. ताम्हणावरचा काळपट थर आपोआप सरकला आणि खालून गुलाबी तांबे वर आले, न्हाऊन निघालेल्या बाळाच्या अंगासारखे. मला इतका आनंद झाला की मी पळी, पंचपात्र, तांब्या, घरात होते नव्हते ते सगळे घासून काढले. संध्याकाळी अनघा हॉस्पिटलमधून आली, देवघर बघून म्हणाली, "आई, काय लख्ख घासलीयेस गं!" मालतीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आमच्या दोघांचे असे गुपित लग्नानंतर बहुधा पहिलेच.

धनत्रयोदशीच्या दुपारी ती आडवी व्हायला गेली. जाता जाता तिची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली. मी झाकण उघडून बसलो होतो. "त्याला हात लावू नका हं," ती म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू आहे. आहे तशी जाऊ दे."

मी नाही ऐकले. का, ते मी इतकी वर्षे स्वतःला विचारतो आहे. वाडग्यात चिंच उरली होती. हातांना नवी कला आली होती. पेन्या काळ्या-तपकिरी होत्या आणि धनत्रयोदशीला आपण धन धुऊन पूजतो. त्यातून तांबे, त्यातून त्यावर धान्याच्या लोंब्या. लक्ष्मीपुढे ठेवायला याहून योग्य नाणे टांकसाळीत पाडले गेले नसेल. आणि कुणाचे भांडे आपल्याकडे आले तर ते घासूनपुसून, वर काहीतरी घालून परत द्यायचे, हे लहानपणापासून पाहिलेले. रॉस दुखरा खुबा घेऊन घरी येईल, डबा उघडेल आणि चकाकी बघून त्याचा चेहरा खुलेल, असे चित्र मी रंगवले. एकेक पाकीट उघडत गेलो. शकुनाची पेनी शेवटी घेतली. आद्याक्षरांच्या फटीत मळ होता, म्हणून जुना टूथब्रश आणला. पोलादी पेन्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या तांब्याच्या नव्हत्या.

मालती उठून आली तेव्हा ताम्हणात धण्यांच्या राशीवर त्या मांडलेल्या होत्या. ती दारातच थांबली.

"हे काय केलंत?"

"बघ तरी किती सुंदर दिसताहेत."

तिने एक उचलली, सुजलेल्या बोटांत उलटसुलट केली. "सुंदर आहेत," म्हणाली. "पण आपली नाहीत."

पूजा झाली. अनघाची त्या दिवशी संध्याकाळची पाळी होती, ती यायच्या आत मी नाणी पुसून ज्याच्या त्याच्या पाकिटात घातली. शिस्तीने. त्या शिस्तीचा मला अभिमानही वाटला.

भाऊबीजेच्या सुमारास रॉस वॉकर घेऊन घरी आला. मी, मालती आणि अनघा फराळाचे ताट आणि डबा घेऊन गेलो. त्याने चकली मोडली, "यम," म्हणाला आणि डबा उघडला. पहिले पाकीट. दुसरे. मग त्याने बाकीची सोडून शकुनाच्या पेनीचे शोधले, नाणे तळहातावर काढले, खिडकीच्या उजेडात धरले. बाहेर वारा कुंपणाची फळी वाजवत होता.

"वेल," तो शेवटी म्हणाला, "दे स्क्रब्ड अप नाइस."

त्याच्या आवाजात काहीतरी होते, ते अनघाला लगेच समजले. ती झटकन वळली. माझ्याकडे नाही, आईकडे. "आई! तू घासलीस ही? चिंच लावलीस? अगं, कुणाला विचारायचं तरी!"

मालतीने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. माझ्या हातात चकलीचा तुकडा होता, मी तो बघत होतो. मग तिने रॉसकडे वळून हात जोडले. "सॉरी, रॉस. सॉरी." तिला येणाऱ्या थोड्या इंग्रजी शब्दांपैकी तो एक.

"नो वरीज, डिअर," रॉस म्हणाला. "शी'ल बी राइट." होईल सगळे ठीक, अशा अर्थी. वर त्याने तिच्या खांद्यावर थोपटले आणि आम्हाला बसवून, जणू आम्हीच दुखावलेले होतो, समजावून सांगितले. जुन्या तांब्याला काळ आपली एक कांती चढवतो. लालसर, तपकिरी, जशी ज्याची. संग्राहक तिचेच पैसे देतात. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही. चमक कुणीही आणू शकतो, काळ कुणी आणू शकत नाही.

अल्बनीचा व्यापारी ठरल्याप्रमाणे आला. भिंग लावून एकेक बघितली, शकुनाची दोनदा बघितली, आणि डॉक्टर हळू आवाजात निदान सांगतात तसा एकच शब्द म्हणाला, "क्लीन्ड." घासलेली. त्याने तिचे जे काय दिले, त्यात पर्थच्या निम्म्या वाटेपर्यंतही विमान पोचले नसते. रॉसने नातवाचा पहिला चेहरा फोनवर पाहिला. मला कुंपणावरून दाखवलाही. मी म्हणालो, "व्हेरी नाइस."

व्यापारी गेल्यावर रॉसने डब्यातली एक साधी पेनी, चकचकीत झालेली, मालतीच्या हातावर ठेवली होती. "फॉर युअर टेम्पल." ती आमच्या देवघरात आहे.

फराळ देऊन रॉसकडून परतलो त्या पहिल्या संध्याकाळी मी मालतीला म्हणालो, "उद्या सांगतो मी अनघाला."

ती ओटा पुसत होती. "तुम्ही बोलाल म्हणून मी तिथे थांबले होते क्षणभर."

"शब्दच फुटेना."

"राहू दे आता. तुम्हाला या घरात मान आहे. जावई तुम्हाला बाबा म्हणतात तेसुद्धा साहेब म्हटल्यासारखं. माझं काय, मी त्यांच्या लेखी अडाणीच." ती हे रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. तिने फडके पिळले, वाळत घातले. "आणि खरं सांगायचं तर माझ्या बोटांचंही सांगावं लागेल. नकोच ते."

उद्या आला. मग पुढच्या वर्षीची दिवाळी आली. तोवर त्या प्रसंगाची गोष्ट झाली होती, आणि गोष्ट फार चांगली झाली होती. मंदार रंगवून सांगत. मराठी मंडळाच्या फराळाला लोक म्हणत, "मालतीकाकू, आमचं पितळ तेवढं घासायला ठेवलंय हं!" "काकूंपासून पाकीट सांभाळा रे, क्रेडिट कार्ड पांढरं करून देतील!" ती खळखळून हसायची. कधी स्वतःच सुरुवात करायची. मला वाटायचे, तिने माफ केले. आता वाटते, तिने फक्त त्या हसण्यात स्वतःला जागा करून घेतली, आणि मी त्या जागेचा फायदा घेतला.

ती गेली तो हिवाळा होता. शोकसभेत अनघा बोलायला उभी राहिली, रडली, आणि मग डोळे पुसत तिने पेन्यांची गोष्ट सांगितली. "माझ्या आईला कुठलीच गोष्ट मळलेली बघवत नसे," ती म्हणाली. लोक हसले आणि रडले. रॉस मागच्या रांगेत होता, तोही मान हलवत होता. मी पहिल्या रांगेत. उठून दोन वाक्ये बोलायला त्याहून योग्य वेळ नव्हती आणि त्याहून अयोग्यही नव्हती.

रॉस आता वृद्धाश्रमात आहे. मागच्या महिन्यात मी अनघाला सांगून तिथे गेलो, ठरवून गेलो. त्याने मला ओळखले की नाही ते कळले नाही. मी माझ्या अर्ज-विनंत्यांच्या इंग्रजीत सांगितले : रॉस, तुझी नाणी मी घासली, माझ्या पत्नीने नाही. त्याने माझा हात धरून ठेवला. म्हणाला, "तुझी बायको. ते कुरकुरीत करायची ना, वळ्यावळ्यांचं?" मी हो म्हटले. "गुड सॉर्ट," तो म्हणाला. चांगली बाई. मग झोपला.

म्हणून यंदा, त्या बातमीच्या दिवशी, मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि टेबलावर सांगून टाकले. "त्या पेन्या मी घासल्या होत्या. तिने नाही म्हटलं होतं."

मंदार आणखीच हसले. "बाबा, आता आईंना पाठीशी घालताय!"

"ऑ, आजोबा," ईरा म्हणाली, "दॅट्स सो स्वीट."

"खरं सांगतो आहे."

"बाबा," अनघा म्हणाली, "तुम्ही आयुष्यात कधी एक चमचा तरी विसळलाय का?"

मी उठलो. डब्यातून चिंच काढली, वाडग्यात भिजवली, देवघरातून ताम्हण आणले आणि त्यांच्यासमोर सिंकवर उभा राहिलो. चोळली. थांबलो. तांबे वर आले.

"बघा," मंदार म्हणाले, आता जरा गंभीर होऊन, "आईंनी किती छान शिकवलंय."

तेव्हा मी बोटांचे सांगितले. तिची बोटे सुजली होती, मूठ वळत नव्हती, म्हणून त्या वर्षी सगळी भांडी मी घासली, आणि अनघाला सांगायचे नाही असे ठरले होते. अनघाचे हसू थांबले. तिने फडके हातात घेतले होते, ते तसेच राहिले.

"नाही, बाबा. तसं नव्हतं काही."

"होतं. त्या वर्षीपासूनच."

"आईची बोटं दुखत असती तर मला दिसलं असतं." तिचा आवाज चढला नाही, बारीक झाला. "दिवसभर मी लोकांना त्याच गोळ्या देते. माझ्या घरात, माझ्या समोर, आईला... मला कळलं नसतं होय? ती शेवटपर्यंत पोळ्या लाटत होती. माझ्या डब्याच्या."

मी तिच्याकडे बघितले. आईच्या बाजूने जे सत्य मी ओढून आणत होतो, त्याचे दुसरे टोक लेकीच्या गळ्यात होते, हे मला तोवर दिसले नव्हते. मालतीला ते पहिल्या संध्याकाळीच दिसले होते.

"तसंच असेल," मी म्हणालो. "माझीच काहीतरी गल्लत होते आहे."

"वय झालं, बाबा," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून ताम्हण घेऊन पुसू लागली.

मंडळाच्या अंकासाठी दिवाळीच्या आठवणी मागवल्या आहेत, म्हणून हे लिहायला बसलो. मालतीला ज्यांनी चिडवले त्यांतले बरेच जण वाचतील. त्यांना एवढेच सांगायचे आहे की नाणी मी घासली. तिने मला अडवले होते. आणि सॉरी जे म्हटले गेले ते माझे होते. अनघाही वाचेल. हे छापायला द्यावे की नाही, मला कळत नाही. न दिले तर मालतीवर अन्याय, दिले तर लेकीवर. असा हिशेब माझ्या नोकरीत कधी आला नव्हता.

देवघरातली पेनी आता पुन्हा तपकिरी झाली आहे. तांब्याचे ते असतेच. वापरा, विसरा, ते आपले आपण मावळत जाते. ठेवली तिथे पडलेली असते, लोंब्या वर करून. बघणाऱ्याला वाटेल, हिला कधी कुणी हात लावलेला नाही. फक्त भिंगाखाली धरली तर टूथब्रशचे बारीक ओरखडे अजून दिसतात. आमच्या घरात भिंग एकच आहे, माझे, पेपर वाचायचे.